लघवीच्या नळीसह घरी आणलेला रुग्ण: पिशवी, पोट आणि कातडी सांभाळण्याची रीत

बेळगाव, कोल्हापूर किंवा मिरजेच्या दवाखान्यातून रुग्ण घरी येतो तेव्हा अंगाला लघवीची नळी असते, पिशवी लोंबत असते आणि हातात इंग्रजी डिस्चार्ज कार्ड असतं. नळी धुवायची कशी, हे घरच्यांना कुणीतरी दाखवलेलं असतं. पण त्यानंतरच्या पंधरवड्यात लघवी तुंबली, नळीच्या बाजूनं गळायला लागली, ताप आला, तर बऱ्याचदा कारण नळीत नसून पोटात सापडतं. चार दिवस संडास झालेली नसते. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग मूत्राशयाला अगदी चिकटून असतो. तो कडक मळानं भरला की मूत्राशय दाबला जातो आणि नळीची भोकं बंद होतात. म्हणून इथं लघवी आणि संडास एकाच कामाचा भाग धरले आहेत.

हे सगळं मूत्राशयात कायम ठेवलेल्या, आत फुगा असलेल्या नळीबद्दल आहे. कंडोम कॅथेटर (शिश्नावर बाहेरून चढवायचं) आणि दिवसातून चार-सहा वेळा घालून काढायची नळी यांची रीत वेगळी असते.

टप्पा १: दवाखाना सोडण्यापूर्वी

कार्डवर खालच्या गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते पाहा. नसतील तर सिस्टरांकडून तिथंच लिहून घ्या. पुढं गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नळी बदलायची वेळ आली की याच गोष्टी विचारल्या जातात.

१. नळी कशासाठी घातली: प्रोस्टेटमुळं लघवी अडली, मणक्याला मार लागला, ऑपरेशन झालं की आणखी काही.
२. नळी साधी रबरी आहे की पूर्ण सिलिकॉनची. रबरी नळी साधारण दोन ते चार आठवडे चालते, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत. नेमकी तारीख डॉक्टर ठरवतील.
३. नळीचा नंबर. मोठ्या माणसांना बहुतेक १४ किंवा १६. नळीच्या टोकाला असलेल्या रंगीत भागावर तो छापलेला असतो. १४ ला हिरवा रंग, १६ ला नारिंगी.
४. फुग्यात किती मिली पाणी भरलंय. नेहमी १० मिली असतं, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ३० मिलीही असू शकतं.
५. नळी घातल्याची तारीख आणि बदलायची किंवा काढायची तारीख.
६. दिवसाला पाणी किती द्यायचं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर ही मर्यादा विचारल्याशिवाय निघू नका.

सामान घरी पोचल्यावर नको, आधीच आणा. दोन जादा युरोबॅगा (२ लिटरच्या, खाली तोटी असलेल्या), त्याच नंबरची एक जादा नळी, स्पिरिटचे स्वॅब, चिकटपट्टी, हातमोज्यांचा डबा, मापाचा एक लिटरचा मग, मेणकापड, जुन्या सुती लुगड्यांचे तुकडे. मगावर तेलरंगानं खूण करा, नाहीतर तो कधी ना कधी स्वयंपाकघरात जातोच. खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीकडं राहणाऱ्यांनी जूनच्या आधी सगळं दुप्पट आणून ठेवावं. भर पावसात औषधाचं दुकान गाठणं हाच एक उद्योग होतो.

टप्पा २: प्रवास आणि पहिली रात्र

सर्वांत जास्त चूक इथं होते. रुग्णाला रिक्षात किंवा वडापमध्ये चढवताना पिशवी कुणाच्या हातात तर कुणाच्या खांद्यावर असते, नाहीतर सरळ रुग्णाच्या पोटावर ठेवतात. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की साचलेली, जंतू वाढलेली लघवी उलटी आत जाते.

१. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करा.
२. नळी मांडीला चिकटपट्टीनं पक्की करा. पुरुषांमध्ये मांडीच्या वरच्या बाजूला किंवा ओटीपोटावर, बायकांमध्ये मांडीच्या आतल्या बाजूला. पाय हलवला तर ओढ बसू नये, इतकी ढील ठेवा.
३. उचलणारे दोघं आणि पिशवी धरणारा तिसरा, असं आधी ठरवा. पिशवीवाल्यानं दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. पिशवी त्याच्या गुडघ्याच्या खाली असावी.
४. गाडीत बसल्यावर पिशवी पायाजवळ, पण जमिनीला टेकू न देता.

घरी पलंगाच्या खालच्या दांडीला पिशवी अडकवा. दांडी नसेल तर तारेचा आकडा करा. मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीच्या वर, एवढं एकच सूत्र. सारवलेल्या जमिनीवर, बादलीत किंवा चपलांशेजारी पिशवी ठेवू नका. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवणारेही लोक आहेत, कारण ‘दिसायला बरं’ असतं. खिळा जवळजवळ नेहमी रुग्णाच्या वरच्या उंचीला असतो.

रुग्ण कुशीवर वळला की नळी अंगाखाली सापडते आणि मुडपते. रात्री दोनदा उठून पिशवी किती भरली ते पाहा. दोन तासांत पिशवीत काहीच वाढलं नसेल तर आधी नळी सरळ करा.

पहिल्या रात्रीची तपासणी: नळी कुठं मुडपलेली नाही, पिशवी खाली आहे, तोटी बंद आहे, आणि पुरुष रुग्णाच्या शिश्नाची पुढची कातडी जागेवर पुढं आणलेली आहे.

टप्पा ३: रोजची स्वच्छता

दिवसातून दोनदा आणि प्रत्येक वेळी संडास झाल्यावर. साबण आणि पाणी पुरतं. डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडिन रोज लावलं तर कातडी जळते आणि त्यातून फायदा काही नाही. पावडर अजिबात नको. ती नळीच्या तोंडाशी गोळा होऊन चिकटते.

१. हात साबणानं किमान ४० सेकंद धुवा. बोटांमधल्या जागा, नखं, अंगठा. मिश्री लावून झाली असेल तर आधी हात धुवा. हातमोजे घातले तरी हात धुणं चुकत नाही.
२. बायकांना पुसताना पुढून मागे, एकाच दिशेनं. प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ बाजू.
३. पुरुषांमध्ये पुढची कातडी हळूच मागे सारा, धुवा, कोरडं करा आणि लगेच पुढं आणा. ती मागेच राहिली तर तासाभरात सूज येऊन शिश्न आवळलं जातं, आणि मग दवाखान्याशिवाय गत्यंतर नाही.
४. नळीचा शरीराजवळचा चार बोटांचा भाग धरून, शरीरापासून बाहेरच्या दिशेनं पुसा. उलट पुसायचं नाही. बाहेरचे जंतू आत ढकलले जातात.
५. टिपून कोरडं करा. घासू नका.
६. चिकटपट्टीखालची कातडी लाल झाली असेल तर दुसऱ्या मांडीवर लावा. रोज बाजू बदललीत तर ही वेळ येत नाही.

नळीच्या तोंडाशी थोडा पांढरट-पिवळा चिकट थर दिसतो. तो धुवून जातो. पू येत असेल, वास येत असेल किंवा हात लावल्यावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ४: पिशवी रिकामी करणं आणि बदलणं

पिशवी अर्धी ते दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. गच्च भरलेली पिशवी जड होते, नळीला ओढते आणि आतला फुगा मूत्राशयाच्या तोंडावर खेचला जातो. ‘पूर्ण भरली की काढू’ हा काटकसरीचा विचार रुग्णाला महाग पडतो.

रिकामी करताना तोटी मगाच्या कडेला किंवा तळाला टेकू देऊ नका. मोजा, लिहा, ओता. मग तोटीचं टोक स्पिरिटच्या स्वॅबनं पुसून बंद करा. मापाचा मग धुवून पालथा ठेवा. पिशवीवर छापलेल्या खुणा अंदाजापुरत्या असतात. आकडा मगातूनच घ्या.

पिशवी आठवड्याला बदलायची. गळत असेल, फार वास येत असेल किंवा नळीपासून सुटली असेल तर लगेच. रोज काढून, धुवून परत लावायची पद्धत काही घरांत दिसते. ती सोडून द्या. नळी आणि पिशवी यांचा जोड जितक्या कमी वेळा उघडाल तितका जंतुसंसर्ग कमी.

बदलताना:

१. नव्या पिशवीची तोटी आधी बंद आहे का पाहा. बाजारातल्या बऱ्याच पिशव्या उघड्या तोटीच्या येतात. हे विसरलात तर पाऊण तासानं जमीन ओली.
२. हात धुवा, हातमोजे घाला, खाली सुती कापड पसरा.
३. नळी बोटांनी दुमडून धरा. चिमटा लावू नका, नळीला चीर पडू शकते.
४. जोड स्पिरिटनं पुसा आणि तो वाळू द्या. ओल्या स्पिरिटवरच जोड उघडला तर जंतू मरायला वेळच मिळत नाही.
५. जुनी पिशवी काढा, नव्या पिशवीच्या टोकाला हात न लावता घट्ट बसवा.
६. दुमडलेली नळी सोडा. दहा मिनिटांत पिशवीत लघवी दिसायला हवी.

जुनी पिशवी रिकामी करून, प्लास्टिकमध्ये बांधून कचऱ्यात टाका. ओढ्यात, गटारीत किंवा शेताच्या बांधावर नाही.

टप्पा ५: वही

वहीला घरात सगळे कंटाळतात, पण तापाच्या रात्री डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतात. पाच रकाने पुरे: वेळ, काय प्यायलं (मिली), लघवी किती, लघवीचा रंग, संडास झाली का आणि कशी.

दिवसाला दीड ते दोन लिटर लघवी असेल तर ठीक. तासाला अंदाजे ३० मिलीच्या खाली सलग चार तास राहिली तर टप्पा ८ मधल्या क्रमानं तपासा. लघवीचा रंग फिकट पिवळा असावा. गडद चहासारखा झाला तर बहुतेक पाणी कमी पडतंय. निपाणी-चिकोडीकडच्या उन्हाळ्यात हे दोन दिवसांतही होतं. डॉक्टरांनी बंधन घातलेलं नसेल तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव जायला हवा: पाणी, ताक, पेज, नाचणीची आंबील. रात्री आठनंतर कमी करा. चहा दोनदाच.

नळी असलेल्या माणसाची लघवी थोडी गढूळ असतेच. जंतू आहेत एवढ्यानं अँटिबायोटिक लागत नाही. ताप, थरथर, कंबरेत दुखणं, म्हाताऱ्या माणसाचं अचानक बडबडणं किंवा भान हरपणं, यांपैकी काही असेल तर तो संसर्ग मानायचा. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणल्या की पुढच्या खऱ्या संसर्गाला औषध लागू पडत नाही. कल्चरची (लघवीतले जंतू ओळखण्याची) तपासणी सांगितली तर पिशवीतली लघवी देऊ नका. तिथं जंतू वाढलेलेच असतात. नमुना सिस्टर नळीच्या नमुना-जागेतून घेतात, तोही शक्यतो नवी नळी घातल्यावर.

एक गोष्ट पाहून घरचे घाबरतात. पिशवी जांभळी किंवा निळसर होते. खासकरून बद्धकोष्ठ असलेल्या वयस्क बायकांच्या बाबतीत असं घडतं. कुणाचं काही केलेलं किंवा लागलेलं नसतं. आतड्यात मळ साठला की काही जंतू अन्नातल्या एका घटकापासून असा पदार्थ बनवतात, जो लघवीतल्या जंतूंमुळं पिशवीत जांभळा रंग धरतो. पिशवी बदला, डॉक्टरांना सांगा आणि पुढचा टप्पा जोरात सुरू करा.

टप्पा ६: पोट साफ ठेवणं

रुग्ण घरी आला की मऊ भात, साबुदाणा, चहा-बिस्किटं सुरू होतात. हे पचायला हलकं वाटतं खरं, पण त्यात चोथा जवळजवळ नसतो. त्यात हालचाल नाही आणि वेदनेच्या काही गोळ्यांनीही संडास अडते. मग घरात एरंडेल, साबणाचा तुकडा, हाताला लागेल ते सुरू होतं. या गोष्टी करू नका. एरंडेलानं पोटात कळा येतात आणि अंग पाण्यावाचून सुकतं. साबणानं आतड्याचं अस्तर जळतं.

रोजचा क्रम असा:

१. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग नाष्टा. जेवण पोटात गेलं की मोठं आतडं आपणहून हलायला लागतं. ही वेळ नाष्ट्यानंतर २० ते ३० मिनिटांची. संडासला बसवायचं ते तेव्हाच.
२. बसता येत असेल तर कमोड खुर्चीवर बसवा. पाय अधांतरी लोंबू नयेत. खाली पाट ठेवून गुडघे कंबरेच्या किंचित वर येऊ द्या आणि अंग थोडं पुढं झुकवा. पिशवी बैठकीच्या खाली अडकवा.
३. दार लोटून घ्या. चारजण समोर उभे असताना कुणालाच संडास होत नाही. हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर थांबा.
४. दहा-पंधरा मिनिटं. जोर लावायला सांगू नका, हृदयाच्या रुग्णाला तर मुळीच नाही.
५. पोटावर हलक्या हातानं चोळा: उजवीकडून खालून वर, बरगडीखालून आडवं, डावीकडून खाली. घड्याळाच्या काट्याप्रमाणे, पाच मिनिटं.

गावात प्लास्टिकच्या खुर्चीला भोक पाडून कमोड बनवतात. चालतं, फक्त दोन गोष्टी करा. कापलेल्या कडेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवा, कारण पायाला संवेदना नसलेल्या माणसाला कापलेलं कळत नाही. आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. भोक पाडलं की तिचा दम निम्मा होतो आणि अचानक पाय फाकतात.

जेवणात भाकरी, पालेभाजी, डाळी-उसळी (चांगल्या शिजलेल्या), पपई, केळं. गिळायला त्रास असेल तर भाकरी ताकात किंवा आमटीत कुस्करून. इसबगोल डॉक्टरांना विचारूनच द्या. एका चमच्यामागं पूर्ण पेलाभर पाणी गेलं नाही तर ते आत फुगून बसतं, आणि आधीच कडक खडा अडकलेल्या पोटात आणखी भर पडते.

तीन दिवस संडास नसेल तर

डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध या क्रमानं चालतं, आणि प्रत्येकाला लागणारा वेळ माहीत असला की दोन तासांनी ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरं औषध ओतलं जात नाही.

लॅक्टुलोजचं सिरप एक-दोन दिवसांनी काम करतं. त्यानं पोट थोडं फुगतं, तेवढं चालायचं. बिसाकोडिलची गोळी ६ ते १२ तासांनी लागू पडते. ती चघळायची नाही, आणि दुधाबरोबर नाही, कारण तिच्यावरचा थर पोटातच विरघळतो आणि मळमळ होते. ग्लिसरीनची वात किंवा बिसाकोडिलची वात (सपोझिटरी, गुदद्वारातून आत घालायची) १५ मिनिटं ते तासाभरात.

वात घालण्याची रीत:

१. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडं. खाली मेणकापड आणि सुती कापड.
२. हातमोजे घाला. वातीचं टोक कोमट पाण्यात बुडवून किंवा जेली लावून ओलं करा.
३. रुग्णाला तोंडानं श्वास सोडायला सांगा आणि वात बोटभर आत सरकवा. ती मळात नव्हे, आतड्याच्या भिंतीला लागली पाहिजे. मळात घुसवलेली वात काहीच करत नाही, ही नेहमीची चूक.
४. पंधरा मिनिटं पडून राहू द्या, मग बसवा.

एनिमाच्या तयार बाटल्यांत फॉस्फेट असतं. म्हाताऱ्या आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाच्या रक्तातली क्षारांची पातळी त्यानं धोकादायक बिघडू शकते. डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी लिहून दिला असेल तरच द्या. बोटानं मळ काढणं हे शिकलेल्या सिस्टरांचं काम आहे. मणक्याला मार लागलेल्या काही रुग्णांना ते रोजच लागतं, तेव्हा घरच्या एकानं दवाखान्यात समोर बसून शिकून घ्यावं.

इथं सगळ्यात जास्त फसगत होते. पाच-सहा दिवस काही नाही आणि मग एकदम पातळ पाण्यासारखी संडास, थोडी थोडी, दिवसभर, कपड्याला लागलेली. घरचे म्हणतात जुलाब लागले आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. प्रत्यक्षात आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेनं पातळ मळ गळतोय. थांबवायच्या गोळीनं खडा आणखी घट्ट बसतो. आधीचे दिवस वहीत पाहा. कोरड्या दिवसांनंतर आलेलं पातळ असेल तर गोळी नाही, डॉक्टर.

टप्पा ७: कातडी

लघवीनं कातडी भिजते, मळानं जळते. दोन्ही एकत्र आली की दोन दिवसांत कुल्ले लाल होतात. मळ लागल्या लागल्या धुवा. डायपर असेल तर दर दोन-तीन तासांनी उघडून पाहा. ‘अजून भरलं नाही’ हे कारण चालणार नाही.

कोमट पाण्यानं धुवा, टिपून कोरडं करा, मग व्हॅसलिन किंवा झिंक ऑक्साईडचा पातळ थर लावा. थर जाड दिला तर डायपर लघवी शोषत नाही. पावडर नको, खोबरेल तेलावर पावडर तर नकोच. पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत. ओलसर कापड वापरण्यापेक्षा इस्त्री फिरवा.

पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला आणि टाच उशीच्या बाहेर अधांतरी ठेवा. वाकळ कितीही जाड असली तरी कूस बदलण्याला पर्याय नाही. मध्ये भोक असलेली रबरी चकती बसायला देऊ नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा आवळतो. कंबरेच्या हाडावर, टाचेवर, घोट्यावर लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या बाजूवर झोपवू नका आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना दाखवा. नळी मांडीखाली दबून राहिली तर तिचाही असाच व्रण पडतो.

टप्पा ८: लघवी थांबली किंवा गळू लागली, तर या क्रमानं

१. नळी पायापासून पिशवीपर्यंत हातानं चाचपा. मुडप, पिळ, अंगाखाली दबलेली जागा.
२. पिशवी खाली आहे का? ती गच्च भरली तर नाही ना?
३. रुग्णाची कूस बदला. कधी कधी नळीचं भोक मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेलं असतं.
४. किती दिवस संडास नाही? तीन किंवा जास्त असतील तर बहुतेक तेच कारण.
५. पाणी पुरेसं गेलंय का?
६. ओटीपोट फुगलेलं, कडक, दुखतंय का? असेल आणि पिशवीत काही येत नसेल तर थांबू नका, थेट दवाखान्यात.

नळीच्या बाजूनं लघवी गळायला लागली की लोक ‘मोठ्या नंबरची नळी घाला’ म्हणतात. बहुतेक वेळा मूत्राशय आवळतोय, नळी अर्धी बंद झालीय किंवा पोट गच्च आहे. मोठी नळी घातल्यानं लघवीच्या मार्गाला इजा होते आणि गळणं तसंच राहतं. सिरिंजनं घरी पाणी ढकलायचं नाही. फुग्यात पाणी भरायचं किंवा काढायचं नाही. नळी कापायची नाही. नळी ओढून काढणं तर नकोच. आत १० मिलीचा फुगा असतो, तो मूत्रमार्ग फाडत बाहेर येतो. भ्रमात नळी ओढणाऱ्या रुग्णाला ढिली सुती पँट घाला आणि नळी पाठीमागच्या बाजूनं न्या. हात बांधल्यानं तो जास्त चिडतो.

तातडीचं: दांडगी थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गाठी, सहा तास लघवी नाही, नळी बाहेर आली. अशा वेळी १०८ ला फोन करा. सीमेच्या अलीकडं-पलीकडं दोन्ही बाजूंना तोच नंबर लागतो.

मणक्याला छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मार लागलेल्या रुग्णाला अचानक डोकं फुटेल इतकं दुखू लागलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला तर रक्तदाब भयानक चढलेला असू शकतो. त्याचं कारण बहुतेक वेळा तुंबलेली नळी किंवा भरलेलं पोट असतं. आधी त्याला उठवून बसवा, मग नळी तपासा आणि लगेच गाडी बोलवा. आडवं पाडू नका.

टप्पा ९: नळी बदलण्याचा किंवा काढण्याचा दिवस

आरोग्य केंद्रात कन्नड बोलणाऱ्या सिस्टर असतील तर काही वाक्यं पाठ असलेली बरी: ‘मूत्र बर्ता इल्ल’ म्हणजे लघवी होत नाही, ‘रक्त बर्ता इदे’ म्हणजे रक्त येतंय, ‘ज्वर इदे’ म्हणजे ताप आहे, ‘पैप बदलायिसबेकु’ म्हणजे नळी बदलायची आहे. आशाताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर त्या सिस्टर हजर आहेत का ते विचारून ठेवतात.

बरोबर न्यायचं: डिस्चार्ज कार्ड, वही, त्याच नंबरची जादा नळी, नवी पिशवी. फुग्यात भरायला निर्जंतुक पाणी लागतं. सलाईन वापरलं तर क्षार जमून फुगा रिकामा व्हायला अडतो. आदल्या दोन दिवसांत संडास झालेली असणं महत्त्वाचं. भरलेल्या पोटावर नळी काढून बघितली की लघवी परत अडते आणि प्रोस्टेटच्या रुग्णाला पुन्हा नळी लागते. काढण्याआधी नळी बांधून-सोडून ‘सवय’ लावायची गरज नसते, सांगितलं असेल तरच करा.

नळी काढल्यावर सहा तासांत लघवी झाली पाहिजे. प्रत्येक वेळची मापात मोजा. थेंब थेंब होतेय, पोट फुगतंय, तर परत जा. संध्याकाळी नळी काढून घेतली तर मध्यरात्री अडचण होते, म्हणून सकाळची वेळ मागा.

नवी नळी घातली असेल तर पिशवीत लघवी उतरताना दिसेपर्यंत आणि पुढची कातडी जागेवर आणल्याची खात्री होईपर्यंत केंद्रातून हलू नका. घरी आल्यावर पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा, आणि नळीचा नंबर तिच्याखालीच.